रेगेतोन : बदनाम ठेक्यातील शृंगार

१९९५ च्या फेब्रुवारीत प्युएर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथे पोलिसांनी सहा दुकानांवर छापे घातले. छापे घालणारे खाते मादक द्रव्ये आणि अनाचार यांचा बंदोबस्त करणारे होते. परंतु त्या दिवशी त्याला हव्या होत्या कॅसेट. घरगुती यंत्रांवर मुद्रित केलेल्या, हातोहात खपणाऱ्या आणि प्रतिष्ठित नभोवाणी केंद्रांनी दाराशीही उभ्या न केलेल्या गाण्यांच्या त्या कॅसेट. अश्लीलतेच्या कायद्याखाली शेकडो कॅसेट जप्त झाल्या. शहरातील गरिबांच्या सरकारी वसाहतींतून जन्मलेल्या या गाण्यांना तोवर धड नावही नव्हते. त्यांना नुसते ‘अंडरग्राउंड’ म्हणत. भूमिगत म्हणावे असे त्यांत एवढेच होते, की ती वरच्या मजल्यावरच्या लोकांना ऐकू येत नव्हती आणि आली तर सहन होत नव्हती.

त्या गाण्यांच्या वारसास आज रेगेतोन म्हणतात. २०१७ साली लुइस फोन्सी आणि डॅडी यांकी यांचे ‘देस्पासितो’ जगभर गेले. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सलग सोळा आठवडे अग्रस्थानी राहिले आणि स्पॅनिशचा एक शब्द न समजणाऱ्या आपल्याकडील वऱ्हाडी मंडळींनीही त्यावर पावले टाकली. २०२२ मध्ये बॅड बनी या नावाने गाणाऱ्या बेनितो मार्तीनेझ ओकासियो याचा ‘उन वेरानो सिन ती’ हा संग्रह निघाला. ग्रॅमीच्या सर्वोत्कृष्ट संग्रहाच्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेला तो स्पॅनिश भाषेतील पहिलाच संग्रह. नावाचा अर्थ ‘तुझ्याविना एक उन्हाळा’. हे नाव वाचून थांबावेसे वाटते. ज्या संगीताची ख्याती कमरेच्या हालचालींबद्दल आणि शिवराळपणाबद्दल, त्याच्या एका अत्यंत लोकप्रिय संग्रहाचे नाव एखाद्या जुन्या भावगीतास शोभेल असे असावे, हे कसे?

याचे नेहमीचे उत्तर असे देण्यात येते की, ठेका तरुणांना नाचवतो आणि त्यावर प्रेमाचा पाक ओतला म्हणजे माल जगभर खपतो. म्हणजे प्रणय हा येथे व्यापाऱ्याने नंतर चिकटवलेला मुलामा. प्रस्तुत लेखकाचेही काही वर्षे असेच मत होते. शेजारच्या सदनिकेतून येणारा तो आवाज म्हणजे निव्वळ ठोकाठोक, असे मी म्हणत असे. त्या घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीस एकदा मी विचारले, “अगं, या गाण्यात आहे तरी काय?” ती म्हणाली, “काका, शब्द मलाही कळत नाहीत. पण कुणीतरी सोडून गेलं आहे आणि हा अजून तिथंच नाचतोय, एवढं कळतं.” या उत्तराने मी गप्प झालो आणि पुढे बरेच दिवस ऐकत राहिलो. तेव्हा मला जे दिसले ते वरील उत्तराशी जुळणारे नाही.

आधी ठेक्याविषयी. वाचकांनी वाटल्यास तो टेबलावर धरून पाहावा. आठ मात्रा मोजाव्यात, आपल्या कहरव्याइतक्याच. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर डाव्या हाताने जड ठोका द्यावा. उजव्या हाताच्या बोटांनी चौथ्या आणि सातव्या मात्रेवर कोरडा आघात करावा. डावा हात आठाचे चार-चार असे दोन समान भाग पाडतो. उजवा त्याच आठांचे तीन, तीन, दोन असे तुकडे करतो. पाचव्या मात्रेवरचा भरदार ठोका येणार हे कानाला माहीत असते, पण त्याच्या किंचित आधी, चौथ्यावरच, दुसरा आघात येऊन पोहोचतो. कोणीतरी दाराशी वेळेआधी यावे आणि आपली तयारी झालेली नसावी, तसे काहीसे. लय मात्र घाईची नाही. मिनिटाला नव्वद-शंभर ठोके, चालत्या माणसाच्या पावलांहून फार निराळी नव्हे. अस्वस्थता आणि संथपणा एकाच आवर्तनात नांदतात. तीन-तीन-दोनची ही विभागणी गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर त्या प्रदेशात आली आणि तेथील अनेक नृत्यसंगीतांच्या मुळाशी जाऊन बसली.

आजच्या ठेक्याचा प्रवासही ऐकण्याजोगा आहे. १९९० च्या सुमारास जमेकात शबा रँक्स याने ‘डेम बो’ हे गाणे गायिले. त्यावरूनच या ठेक्याला ‘डेम्बो’ असे नाव पडले. कालवा खणण्यासाठी जमेका आणि बार्बाडोस येथून पनामात मजूर गेले होते. त्यांच्या वंशजांनी जमेकाचे संगीत स्पॅनिशमध्ये गायला आरंभ केला. ‘एल हेनेराल’ म्हणून प्रसिद्ध झालेला एद्गार्दो फ्रांको हा त्यांतील अग्रणी. तेथून आणि न्यूयॉर्कमधून ही गाणी प्युएर्तो रिकोत आली. तेथे रॅपमध्ये मिसळून आणि डीजे प्लेयरोसारख्यांच्या कॅसेटमधून फिरून त्यांनी नवे रूप घेतले. जमेका, पनामा, न्यूयॉर्क, सान हुआन : मजुरांच्या आणि स्थलांतरितांच्या वाटेनेच हा ठेका हिंडला आहे. ज्यांचे कोणी ना कोणी नेहमीच दूरदेशी असते, अशांच्या गाण्यात विरह बाहेरून आणून घालावा लागत नाही.

प्युएर्तो रिकोची स्थितीच अशी आहे. १८९८ पासून हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. परंतु बेटावर राहणाऱ्यास अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. बेटावर आज जेमतेम बत्तीस लाख लोक उरले आहेत. त्याहून कितीतरी अधिक प्युएर्तो रिकन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी गुन्हेगारीविरुद्ध ‘कठोर हाता’चे धोरण आरंभिले आणि गरिबांच्या वसाहतींत पोलिसांबरोबर नॅशनल गार्डचे सैनिक उतरले. याच वसाहतींत मुले खोलीच्या कोपऱ्यात गाणी मुद्रित करीत होती. त्यांतील रामोन आयाला नावाच्या मुलाला बेसबॉलपटू व्हायचे होते. गोळीबारात सापडून पायात गोळी शिरली आणि खेळ संपला. तो गाऊ लागला. हाच पुढचा डॅडी यांकी. २००४ मधील ‘बार्रियो फिनो’ आणि त्यातील ‘गासोलीना’ या गाण्याने रेगेतोन प्रथम जगापुढे आणले ते त्यानेच. २०२३ च्या अखेरीस त्याने रंगमंचाचा निरोप घेतला.

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या गाण्यांत स्त्रीविषयी जे बोलले जाते त्यातील बरेचसे गलिच्छ आहे. त्यातील नाचाला ‘पेर्रेओ’ म्हणतात. शब्द कुत्र्यावरून आलेला आहे आणि त्याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही. २००२ साली सेनेटर वेल्डा गोन्झालेझ यांनी अशा नाचाच्या चित्रफितींविरुद्ध मोहीम उघडली. या बाई पूर्वाश्रमीच्या विनोदी अभिनेत्री, तेव्हा त्यांना करमणुकीचे वावडे होते असे म्हणता येणार नाही. पुढे २०१२ मध्ये क्युबातील सरकारी संगीत संस्थेच्या प्रमुखांनीही अशा गाण्यांवर निर्बंधांची भाषा केली. अमेरिकी ध्वजाखालचे बेट आणि साम्यवादी बेट यांचे अन्य कशावर एकमत झाले नसेल, येथे झाले! २०२१ मध्ये कोलंबियाच्या जे बाल्विनला एका गाण्याची चित्रफीत मागे घेऊन क्षमा मागावी लागली; तीत कृष्णवर्णीय स्त्रियांना ज्या प्रकारे दाखविले होते, त्यावर खुद्द देशाच्या उपाध्यक्षा संतापल्या होत्या. तो संताप रास्तच होता. ‘तरुणांचे संगीत आहे, चालायचेच’ असे म्हणून यावर पांघरूण घालणाऱ्या समीक्षकांशी माझे जमत नाही.

परंतु बंदीवाल्यांचे एक चुकले. ते या गाण्यांत फक्त शिव्याच मोजत राहिले. १९५२ नंतर आपल्याकडे डॉ. केसकर यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओ सिलोनचा काटा गाठला आणि १९५७ मध्ये सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. डॉ. केसकरांच्या अभिरुचीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण लोक त्या गाण्यांत काय ऐकत होते हे जाणून घेण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. सान हुआनमध्येही तेच झाले. आक्षेपाला खरे उत्तर आले ते नाचणाऱ्यांच्या बाजूने. १९९० च्या दशकात ‘द नॉइज’ या पुरुषांच्या मेळ्यात शिरून जागा मिळविणाऱ्या आयव्ही क्वीन हिने २००३ मध्ये ‘किएरो बायलार’ गायिले. त्याचा आशय इतकाच, की मला तुझ्याबरोबर नाचायचे आहे, घामाघूम होईपर्यंत नाचायचे आहे. पण त्याचा अर्थ मी तुझ्या शय्येवर येणार असा तू काढू नकोस. सेनेटर बाईंच्या सगळ्या भाषणांपेक्षा या एका गाण्याने नृत्यभूमीवरच्या मुलींच्या हाती अधिक दिले असावे, असे मला वाटते. नाच सोडायचा नाही आणि मर्यादा आपण आखायची, हा पक्ष दोन्ही बाजूंच्या पुरुषांना तोवर सुचलेला नव्हता.

आता शृंगाराचा मुद्दा. प्युएर्तो रिको हे बोलेरोचे एक घर आहे. बोलेरो हा संथ प्रेमगीताचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्युबातील सांतियागो येथे उदयास आला आणि मेक्सिकोपर्यंत पसरला. प्युएर्तो रिकोने त्याला राफाएल एर्नांदेझ आणि पेद्रो फ्लोरेस यांच्यासारखे रचनाकार दिले. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘लोस पांचोस’ या त्रिकुटातील दोघे मेक्सिकन होते आणि तिसरा, एर्नांदो आविलेस, प्युएर्तो रिकन. रेगेतोन गाणाऱ्या पोरांच्या आज्या-आजोबांचे संगीत हे होते. घरात आजीच्या रेडिओवर बोलेरो आणि खाली चौकात डेम्बो, असे दोन आवाज ज्यांच्या कानांवर एकदम पडले, त्यांच्या गळ्यातून कधीतरी ते एकत्र निघणारच.

यात बचाताची भर पडली. डोमिनिकन प्रजासत्ताकातील हा गिटारवर गायिला जाणारा प्रकार मद्यगृहांतला, फसवणूक आणि दारू यांची रड गाणारा म्हणून तेथील उच्चभ्रूंनी दीर्घकाळ तुच्छ लेखला होता. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या वारशात बसविले. डोमिनिकन मुळाच्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ‘लुनी ट्यून्स’ या जोडगोळीने २००३ च्या सुमारास बचाताच्या गिटारीचे ते झिरपणारे स्वर डेम्बोवर चढवले. रेगेतोनच्या या हळव्या शाखेला तिकडे ‘रोमांतिकेओ’ म्हणतात.

२००५ मध्ये ‘आव्हेंतुरा’ हा बचाता गाणारा संच आणि रेगेतोनचा डॉन ओमार यांनी मिळून ‘एया इ यो’ गायिले. हे दोन मित्रांचे संभाषण आहे. एक आपले मन मोकळे करतो : मी एका विवाहितेच्या प्रेमात पडलो आहे, काय करू? दुसरा धीर देतो, प्रेमच ते, लढ म्हणतो. सवाल-जवाब पुढे सरकतात आणि अखेरीस उलगडते की ती स्त्री या धीर देणाऱ्याचीच पत्नी आहे. कथानक म्हटले तर नाटकी. आपल्या फडावरच्या श्रोत्यांना मुळीच परके वाटू नये असे. परंतु सगळा वेळ ठेका जराही ढळत नाही. मित्राचा सल्ला आणि मित्राचा घात एकाच आवर्तनावर येतात. बोलेरोत असा क्षण आला असता तर वाद्ये थांबली असती, गायकाने एक दीर्घ स्वर लावून श्रोत्यांना रडण्यास अवकाश दिला असता. रेगेतोन तो अवकाश देत नाही.

शेजारच्या मुलीने जे सांगितले ते हेच असावे. संस्कृत साहित्यशास्त्राने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग केले. एकात मीलन, दुसऱ्यात ताटातूट. रेगेतोनमध्ये शब्द विप्रलंभाचे आणि ठेका संभोगाचा, अशी विलक्षण सरमिसळ झाली आहे. गाणारा म्हणतो ती नाही. पाय म्हणतात ती समोर आहे. अन्य गाण्यांत बढाया मारणारा, सोन्याच्या साखळ्या मिरवणारा हाच पुरुष येथे पहाटे तीन वाजता दूरध्वनी करून उत्तर नसलेल्या यंत्राशी बोलत बसतो. जुन्या काव्यातील दूतीचे काम आता त्या यंत्राने पत्करले आहे, आणि ते दूतीहून निर्दय आहे. ती निदान निरोप घेऊन परत तरी यायची! ठेका एकसुरी आहे अशी तक्रार संगीतज्ञ करतात. तक्रार खरी आहे. पण भावगीतात तबलजी प्रारंभापासून अखेरपर्यंत एकच ठेका धरतो, त्याला कोणी दोष देत नाही. गाणाऱ्याने डळमळावे म्हणून कोणीतरी न डळमळणारे लागतेच.

मात्र या गोडव्याची एक किंमत मोजली गेली आहे आणि ती मोजणारे गोडवा उपभोगणारे नव्हेत. कॅसेटच्या काळात या संगीताला ‘काळ्यांचे संगीत’ म्हणण्याचीही रीत होती. २००२ च्या ‘एल आबायार्दे’ या संग्रहात तेगो काल्देरोन याने लोइझा या कृष्णवर्णीयांच्या गावाचे नाव घेऊन बेटावरील छुप्या वर्णभेदावर बोट ठेवले आणि पुढे २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात त्याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यानंतरच्या दशकात रेगेतोनचे एक नवे केंद्र कोलंबियातील मेदेयिन शहरात उभे राहिले. जे बाल्विन, मालुमा, कारोल जी हे तेथलेच. चाली अधिक गुळगुळीत झाल्या, शब्द अधिक मृदू झाले आणि चेहरे अधिक गोरे झाले. ‘देस्पासितो’ची चित्रफीत जुन्या सान हुआनच्या भिंतीबाहेरील ला पेर्ला या गरीब वस्तीत घेतली, पण जगाने उचलले ते गाणे पॉपगायकाच्या मधाळ आवाजात. कारोल जीच्या २०२३ मधील संग्रहाने अमेरिकी यादीत पहिले स्थान मिळविले. स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या संग्रहास हा मान प्रथमच मिळाला आणि त्याचा आनंद मला आहे. तरीही प्रेम गाण्याचा परवाना काळ्या ओठांना मिळेतो इतका उशीर का व्हावा, हा प्रश्न उरतो. काळा गायक कामुक, गोरा गायक प्रणयी, अशी वाटणी व्यापाराने शांतपणे करून टाकली.

ठेका ज्यांचा, त्यांचे काय झाले? जमेकातील ‘स्टीली अँड क्लीव्ही’ या जोडीने १९८९ मध्ये रचलेल्या एका तालबंधावर हे सारे उभे आहे, असा दावा त्यांच्या वतीने २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दाखल झाला. दीड हजारांहून अधिक गाणी त्यात गोवली गेली. ताल ही कोणाची खाजगी मालमत्ता होऊ शकते काय, याबद्दल मी साशंक आहे. कहरव्यावर कोणी मालकी सांगितली तर आपले अर्धे सुगम संगीत जप्त होईल. परंतु ज्यांनी मूळ वाद्यमेळ घडविला त्यांच्या पदरी काही पडू नये आणि मधल्या कंपन्यांनी गब्बर व्हावे, हेही पटत नाही.

या गुळगुळीत वाटेवरून संगीताला पुन्हा बेटाकडे वळविण्याचे श्रेय बॅड बनीला द्यावे लागेल. त्याचा आवाज नाकातला, उच्चार प्युएर्तो रिकोच्या रस्त्यावरचे. मोठ्या बाजारपेठेसाठी त्याने ना इंग्रजीचा आश्रय घेतला ना स्वच्छ पुस्तकी स्पॅनिशचा. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त केले. सरकारने प्रथम मृतांचा आकडा ६४ सांगितला. पुढच्या वर्षी तो २,९७५ मान्य करावा लागला. वीज सर्वत्र परत यायला सुमारे वर्ष गेले. त्यातून लोक आणखी बाहेर पडले. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात गव्हर्नरांचे सहकाऱ्यांशी झालेले खाजगी संदेश उघड झाले. त्यांत स्त्रियांविषयी गलिच्छ शेरे होते, वादळातील मृतांचीही थट्टा होती. लोक रस्त्यावर उतरले. बॅड बनी परदेशातील कार्यक्रम सोडून मोर्चात आला. जुन्या सान हुआनमधील कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर तरुणांनी निषेध म्हणून पेर्रेओ केला. गव्हर्नरांना पद सोडावे लागले. त्यांचे नाव रिकार्दो रोसेयो. ‘कठोर हात’वाले पेद्रो रोसेयो हे त्यांचे वडील. ज्या नाचाच्या कॅसेट बापाच्या कारकिर्दीत जप्त झाल्या, तो मुलाच्या राजीनाम्यासाठी नाचला गेला. आणि या वेळी गलिच्छ भाषेचा पुरावा सरकारच्या बाजूला सापडला होता.

२०२५ च्या जानेवारीत बॅड बनीचा ‘देबी तिरार मास फोतोस’ हा संग्रह आला : ‘मी आणखी छायाचित्रे काढायला हवी होती’. मुखपृष्ठावर केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या, अंगणात असतात तशा. शीर्षकगीत गेलेल्या प्रेयसीला उद्देशून आहे. ती जवळ होती तेव्हा तिची आणखी छायाचित्रे घेतली असती तर, अशी चुटपुट त्यात आहे. ऐकता ऐकता ती प्रेयसी कोण हे संदिग्ध होत जाते. कर-सवलतींसाठी आलेले धनिक किनाऱ्यावरची घरे विकत घेत आहेत, भाडी परवडेनाशी होऊन मूळचे लोक ओर्लांडोला जात आहेत. गाणे त्यांनाही लागू पडते. त्यानंतर जगभर दौरा काढण्याआधी त्याने सान हुआनच्या एकाच सभागृहात उन्हाळाभर तीस कार्यक्रम योजले. पहिल्या नऊ कार्यक्रमांची तिकिटे फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी होती. त्यांच्या मालिकेचे नाव होते, ‘मला येथून जायचे नाही’.

या लेखाच्या निमित्ताने शेजारच्या मुलीला मी ‘लोस पांचोस’चे एक ध्वनिमुद्रण ऐकविले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग बोटांनी टेबलावर तीन, तीन, दोन वाजवीत म्हणाली, “काका, याच्याखाली हे घातलं तर चालेल की!” आम्ही पुन्हा लावून पाहिले. दुसऱ्या कडव्यापर्यंत चालले. पुढे गायकाने स्वर लांबविला आणि तिची बोटे त्याच्या पुढे निघून गेली.